वासनिकांचे मेलेले गोल

"हा गोल जिवंत आहे की मेलेला?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी, खुर्चीत नीट टेकायच्या आत, मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. विचारणारे गृहस्थ शेजारच्या टेबलावर होते. बारीक अंगाचे, पांढरा हाफ शर्ट घातलेले. चष्मा कपाळावर चढवलेला आणि नाक संगणकाच्या काचेला टेकायच्या बेतात. समोर कुठल्याशा गावाचा विमानातून काढलेला फोटो. शेतात मधोमध एक फिकट गोल.

मी आपलं अंदाजाने म्हटलं, "विहीर आहे का सर?"

"विहीर असती तर आत सावली असती. सावली आहे?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही."

"शाब्बास!" ते एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या. "माहीत नाही म्हणता येते तुले. तू टिकशील इथं."

हे वासनिक सर. मी टिकले ती बरीचशी त्यांच्यामुळे.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या वरच्या मजल्यावर. खाली फरसाणाचा कारखाना. सकाळी शेवेचा वास, दुपारी चिवड्याचा, आणि संध्याकाळी नुसत्या जळक्या तेलाचा. काम सोपं आणि कंटाळवाणं. विमानातून, ड्रोनमधून काढलेले फोटो येतात. त्यातली घरं, रस्ते, विहिरी, बांध, झाडं ओळखायची आणि त्यांच्या कडेने रेघा मारून नकाशा तयार करायचा. कोणाला कालवा काढायचा असतो, कोणाला विजेचे खांब टाकायचे असतात, ते आमचे नकाशे नेतात. आम्ही त्या गावांना कधी जात नाही. कुणाच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत ते मात्र आम्हाला ठाऊक असतं.

या कामात वासनिक सरांनी स्वतःचं एक काम घुसवलं होतं. ते शेतात थडगी शोधायचे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्ची थोडी लांब सरकवली होती. मग त्यांनी चहाच्या ग्लासांनी टेबलावर गोल उमटवून मला समजावलं. विदर्भात फार पूर्वी, लिहिणं-वाचणं तिकडे पोचायच्याही आधी, माणसं आपल्या मेलेल्यांना पुरून वर माती-दगडांचा उंचवटा करत आणि भोवती मोठाल्या शिळांचं कडं लावत. पुढे तिथे शेतं झाली. शिळा बांधाला गेल्या, उंचवटा नांगरून नांगरून सपाट झाला. वर काही उरलं नाही. पण खाली दगड आहेतच. तिथे पिकाच्या मुळांना ओल मिळत नाही. पीक खुजं राहतं, आधी पिवळं पडतं. आणि जिथे जुना खड्डा मातीने भरलेला असतो तिथे ओल टिकते, पीक जास्त दिवस हिरवं राहतं. बांधावर उभं राहून कितीही पाहा, कळत नाही. वरून पाहिलं की शेतात गोल उठून दिसतो.

"पण तहान लागली पाहिजे," ते म्हणायचे. "पावसाळ्यात शेत खोटं बोलते. जिकडं तिकडं पाणी, सगळंच हिरवं. कोरडं पडलं का मग खरं बोलायले लागते."

त्यामुळे गहू-हरभरा पिकायला लागला की त्यांचा हंगाम सुरू. त्या दिवसांत ते कोणाच्या लग्नाला जायचे नाहीत. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नालाही "गहू पिवळा पडून राहिला, येता येत नाही" असा निरोप पाठवला होता म्हणे. मेहुण्याला वाटलं, यांनी मुंबईत शेती घेतली.

पण गोल म्हटला की थडगं, असं नाही. गावात गोल गोष्टी पुष्कळ. खळं गोल, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाची खूण गोल, खुंट्याला बांधलेली गाय चरते तेवढी जागा गोल, जत्रेतल्या पाळण्याखालची माती गोल. हे सगळे जिवंत गोल. माणसांच्या आजच्या वापरातले. ते वेगळे काढायचे आणि राहिलेल्यांतून मेलेले शोधायचे, असा त्यांचा खाक्या. एकदा त्यांना ज्वारीच्या शेताशेजारी असा देखणा गोल सापडला की त्यांनी अख्ख्या ऑफिसला समोसे मागवले. आठवडाभर त्याच्यावरच बोलत होते. शेवटी त्या गावच्या पानवाल्याचा नंबर मिळवून फोन केला, तर तो म्हणाला, "अहो, ते इलेक्शनले साहेबाचं हेलिकॉप्टर उतरलं होतं, त्याची जागा होय." सरांनी शांतपणे फोन ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं: 'गोल जिवंत. पाच वर्षांतून एकदा.'

ही नजर मग ऑफिसबाहेरही तशीच फिरायची. आमचे मॅनेजर नायर साहेब. त्यांच्या डोक्याचा मधला भाग हळूहळू मोकळा व्हायला लागला होता. एकदा जेवायच्या सुट्टीत सर डबा उघडता उघडता म्हणाले, "साहेबाचं पीक मधातच पातळ पडून राहिलं. खाली दगड असला पाहिजे." नायर साहेब दारातच उभे. ते तीन महिन्यांनी केस लावून आले. सर त्यांना नीट न्याहाळून मला म्हणाले, "रोपं चांगली लावली. जमीन तीच आहे."

घाटकोपरला त्यांच्या सोसायटीत तर त्यांनी धमालच केली. एका कडक उन्हाळ्यात ते गच्चीवरून खाली ओरडायला लागले, "वर या! सगळे वर या!" लोक घाबरून धावले, कोणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला. सर बागेतल्या हिरवळीकडे बोट दाखवून उभे. गवत सगळीकडे हिरवं, आणि मधे एक पिवळी वाटोळी रेघ. "खाली बांधकाम आहे. विहीर बुजवली असेल." सेक्रेटरी शहाभाईंनी हसून सोडून दिलं. पावसाळ्यात तिथली माती खचली आणि खरोखरच जुन्या विहिरीचं कडं निघालं. मग तिथे कुंपण आलं, मुलांचं बॅडमिंटन बंद झालं. मुलं अजून त्यांना 'विहीर अंकल' म्हणतात, आणि ते प्रेमाने म्हणत नाहीत.

मी हे सगळं घरी मुलुंडला आईला सांगायचे. आई मालवणची. ती म्हणायची, "तुझो तो सर मेलेल्या माणसांक झोपाक कित्याक देणा नाय गो?"

एक नियम मात्र ते देवासारखा पाळायचे. फोटोत दिसत नाही ते नकाशात लिहायचं नाही. कोणी म्हणालं, गावकरी सांगतात इथे किल्ला होता, तर सर विचारायचे, "तुले दिसून राहिला का? मग राहू दे." त्यांनी पुरातन म्हणून खूण केलेली जागा तपासणीत कधी खोटी निघाली नव्हती. त्यामुळे वरच्या लोकांत त्यांच्या शेऱ्याला किंमत होती.

त्यांच्या घरी मी दोन-चारदा गेले होते. त्यांच्या पत्नी सुमनकाकू घट्ट अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या. सावजी रस्सा असा करायच्या की जेवताना डोळ्यांतून पाणी आणि ताटातली भाकरी एकदमच संपायची. सरांनी एका गोलाचा मोठा फोटो फ्रेम करून भिंतीला लावला होता. काकूंनी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. सरांनी कॅलेंडर बाजूला केलं की काकू परत टांगायच्या. वर्षानुवर्षं हे चाललेलं. "मेलेल्यांचे फोटो घरात कायले पाहिजे?" एवढंच म्हणायच्या. त्यांनी सरांचा एकही फोटो कधी नीट पाहिला नव्हता. सर काही दाखवायला लागले की त्या उठून आत जायच्या.

त्यांना मूल नव्हतं, असं आम्हाला वाटत होतं. कोणी विचारलं नव्हतं.

मग ते वळण रस्त्याचं काम आलं.

विदर्भातल्या एका गावाबाहेरून नवा रस्ता न्यायचा होता. आखणी झालेली होती. त्या पट्ट्याचे फोटो आम्ही वाचायचे आणि मधे काय काय येतं ते लिहून द्यायचं. गावाचं नाव सांगत नाही. सर कोणालाच सांगू द्यायचे नाहीत. नाव कळलं की लोक सोन्यासाठी कुदळी घेऊन जातात, थडग्यातली मडकी फुटतात, गंजलेलं लोखंड फेकून देतात, असा त्यांचा अनुभव. फोटो आले तेव्हा सर एकदम म्हणाले, "हे मी घेतो. हे माझं गाव आहे."

आम्ही वाट बघत होतो. सरांचं स्वतःचं गाव, पिकायला आलेला गहू आणि कोरडं वर्ष. म्हटलं आज समोसे नक्की. पण सरांच्या टेबलावरून हाकच येईना. चहा आला, निवला. दुपारी डबा उघडला नाही. त्यांना बरं नाही की काय म्हणून मी उठून मागे जाऊन उभी राहिले.

पडद्यावर गव्हाचं शेत होतं. त्यात पिवळट गोल. एक, त्याला लागून दुसरा, पुढे आणखी. मोठे, ठसठशीत. आणि एका मोठ्या गोलाच्या अगदी कडेला एक चिमुकला. रस्त्याची आखलेली लाल रेघ त्यांच्या बरोबर मधून गेलेली.

"सर! हे मेलेले आहेत!" मी ओरडलेच.

"हळू," ते म्हणाले. "माहीत आहे मले."

"मग मार्क करा ना! झकास सापडलेत!"

"करतो."

त्यांनी केलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेवढा एक तुकडा सोडून सगळं गाव त्यांनी वाचून संपवलं. नायर साहेब दोनदा विचारून गेले. मी एकदा म्हटलं, "सर, मी करू का?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत त्यांच्या टेबलाकडे वळले नाही. आठवडा असाच गेला. या माणसाला एवढा गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. ऑफिसात खालच्या कढईचा आवाज ऐकू यायला लागला.

मग एके सकाळी ते आले, खांद्याची बॅगही न काढता बसले आणि एकेका गोलाभोवती रेघ मारत गेले. लहान गोलाभोवती शेवटी. शेऱ्यात लिहिलं, 'पुरातन दफनांची जागा. रस्ता येथून नेऊ नये.' मला म्हणाले, "पाठवून दे."

काही आठवड्यांनी उत्तर आलं. रस्त्याची आखणी बदलली होती. उत्तरेला गावचा तलाव, म्हणून रस्ता दक्षिणेला सरकवला होता. वस्तीच्या बाजूने, नाल्याच्या काठाने. नायर साहेब केबिनमधून बाहेर आले ते टाळ्या वाजवतच. "क्या बात है वासनिक! तुझ्या मेलेल्यांनी रस्ता हलवला यार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर उभे राहिले, हात जोडले, हसलेसुद्धा. मग नायर साहेबांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले. मीही सह्या घ्यायला आत गेले.

"साहेब, नवीन रस्ता जाते तिथं नाल्याकाठी एक जागा आहे," ते म्हणाले.

"काय आहे तिथे?"

"लहान लेकरं पुरायची जागा होती आमच्या वस्तीची. आता कोणी पुरत नाही. पण होती."

"रेकॉर्डवर आहे?"

"नाही."

"फोटोत काही दिसतं?"

"नाही. लहान खड्डे असतात. दगड नाही, काही नाही. काहीच दिसत नाही."

नायर साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. ते म्हणाले, "तर मग लिहून टाक ना. तू लिहिलंस तर कोण विचारतो? तुझ्या नावावर चालून जाईल."

सरांनी मान हलवली. "तेच तर आहे साहेब. न दिसलेलं एक लिहिलं, का मग दिसलेल्यावरही कोणी भरोसा नाही ठेवणार. ते शेतातले गोलही जातील." आणि ते बाहेर आले. मला त्या बोलण्यातलं अर्धंच कळलं. मला वाटलं, गावाची एक जुनी जागा, म्हणून वाईट वाटतंय.

जागेवर जाऊन गोलांची खात्री करायचं काम सरांकडे आणि माझ्याकडे आलं. एरवी अशा कामाला सर टेप, कुंचे आणि टोपी घेऊन शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे निघायचे. या वेळी स्टेशनवर पाहते तर त्यांच्या बरोबर सुमनकाकू. मांडीवर स्टीलचा डबा. गाडीत दोघं समोरासमोर बसले होते. बोलत होते ते फक्त खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढंच.

गाव गाठलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. शेताचे मालक भोयर म्हणून एक उंच, हसरे गृहस्थ. सरांनी टेप टाकून त्यांना दाखवलं, इथून इथवर एक, तिथून पुढे दुसरा. भोयर म्हणाले, "हे तर माझ्या आज्याच्या वक्तापासून आहे. इथं गहू येतच नाही. खत टाकून टाकून थकलो मी."

"खाली माणसं आहेत भाऊ. हजारो वर्षांपासून आहेत."

भोयरांनी जमिनीकडे पाहिलं, टोपी मागे सारली. "इतके दिवस राहून राहिले, तर थोडं भाडं तरी द्या म्हणा."

सर हसले. बऱ्याच दिवसांनी. दोघं टेप घेऊन पुढे गेले, आणि मी काकूंजवळ बांधावरच्या सावलीत बसले. काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "त्यातला तो लहानगा कोणता?"

मी दचकले. काकूंना गोलांबद्दल काय माहीत? मी बोट केलं. त्या उठल्या, कापलेल्या गव्हाच्या धसकटांतून त्या जागेपर्यंत गेल्या, तिथे जरा उभ्या राहिल्या. काय करावं ते सुचत नसल्यासारखा कापणीत राहून गेलेल्या एका ओंबीवरून हात फिरवला आणि परत आल्या.

"तुम्ही फोटो पाहिलात?" मी विचारलं.

"पाहिला ना. यांनी दाखवला. त्या आठवड्यात हे जेवत नव्हते. मी म्हटलं, झालं काय ते तरी सांगा. तर म्हणाले, 'सुमन, मी हे लिहिलं तर रस्ता नाल्यावर जाईल. नाही लिहिलं तर कोणालेच समजणार नाही. तू सांग.'" काकूंनी डबा मांडीवर ओढून घेतला. "आमची प्रज्ञा आहे तिथं. नाल्याकाठी."

मी काकूंच्या आणखी जवळ सरकले.

"पहिला दात येऊन राहिला होता. ताप आला, तीन दिवसांत गेली. हे तेव्हा मुंबईला. नवीनच नोकरी. दुकानात फोन करून निरोप दिला, हे आले तोवर सगळं होऊन गेलं होतं. माझ्या सासऱ्यांनी नेली तिले. बायांना जाऊ देत नव्हते तेव्हा. मी लांबूनच पाहिलं. नंतर नाही झालं आम्हाले काही."

समोर सर आणि भोयर टेपचं एकेक टोक धरून उभे होते. सर काहीतरी हातवारे करून समजावत होते.

"मी पहिले म्हटलं, नको. म्हटलं, त्या हजार वर्षांच्या लोकांचं मले काय? माझी एक आहे, तिच्यावरून ट्रक नको जायला." काकूंनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "हे काहीच बोलले नाही. रागावले नाही. म्हणून मीच म्हटलं, दाखवा मले काय आहे ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं मी. मोठे मोठे गोल, आणि बाजूले तो एवढासा. मी म्हटलं, हा लहान काऊन? कोण्या लेकराचा आहे का? तर हे म्हणतात, 'फोटोतून ते सांगता येत नाही सुमन.' तसाच आहे तो माणूस. मले बरं वाटावं म्हणून तरी हो म्हणायचं! मी म्हटलं, तुम्हाले येत नसेल, मले येते. लिहा."

त्या थोडा वेळ त्या शेताकडे पाहत राहिल्या.

"प्रज्ञाचे आपण तरी आहोत, असं म्हणाले हे मग. त्याईचं सांगणारं कोणीच नाही राहिलं."

शेतातलं काम आटपून आम्ही वस्तीत गेलो. सरांचे मोठे भाऊ दारातच खाट टाकून बसले होते. चहा झाला. सरांनी नाल्याचा विषय काढला. भाऊ म्हणाले, "वस्तीले पहिल्यांदा पक्का रस्ता येऊन राहिला बापू. दवाखान्याची गाडी घरापर्यंत येईल. लोक खूश आहेत. तू काऊन नाला धरून बसला?" आवाजात राग नव्हता. मग हळूच म्हणाले, "मलेही आठवते ती. पण आता कोण आहे तिथं?"

सरांनी मान डोलावली. कप खाली ठेवला. "मी जाऊन येतो," म्हणाले. काकू आधीच उठल्या होत्या.

आज नाल्याकाठच्या त्या जागेवरून डांबरी रस्ता जातो. गावची मुलं त्यावरून सायकलने शाळेत जातात. भोयरांचा गहू अजूनही तेवढ्या जागेत नीट येत नाही. पण त्या दिवशी तिथे नुसती पडीक जमीन होती, वाळलेलं गवत आणि पाणी आटलेला नाला. एका अंगाला बाभळीची रांग, बरंच पुढे एक जुनं अर्जुनाचं झाड.

काकू सरळ चालत बाभळींकडे गेल्या. सर अर्जुनाकडे. दोघं एकमेकांपासून लांब जाऊन थांबले आणि मागे वळून पाहायला लागले.

"इकडं या ना," काकूंनी हाक मारली.

"सुमन, तिकडं नाही. इथं आहे. या झाडापासून दहा-बारा पावलं, बाबांनी दाखवलं होतं मले."

"बाबांनी तुम्हाले नंतर दाखवलं. मी त्याच दिवशी पाहिलं. हे लोक इथं वाकले होते. बाभळीजवळ."

"तू बांधावरून पाहिलं. तिथून सगळं एकाच रांगेत दिसते."

"आणि बाबांचे डोळे काय चांगले होते? मोतीबिंदू होता त्याईले!"

इतकी वर्षं हे दोघं या जागेबद्दल एकमेकांशी बोललेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. बोलले असते तर हे भांडण कधीच होऊन गेलं असतं. काकूंचा आवाज चढला. सरांचाही. बाबा कोणत्या बाजूने आले होते, कुदळ कोणाकडे होती, तेव्हा अर्जुनाचं झाड एवढं होतं तरी का. मी लांब उभी होते, कुठे पाहावं ते कळत नव्हतं.

मग सर खाली बसले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गवत बाजूला केलं, मातीवरून तळवा फिरवला. उठले, चार पावलं पुढे गेले, परत बसले. गवताचा रंग पाहिला, वाकून तिरक्या उजेडात जमीन पाहिली. बाभळींपर्यंत असंच करत करत आले. काकू तोवर बोलायच्या थांबल्या होत्या.

"मले काही दिसत नाही सुमन," सर म्हणाले. आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

काकूंनी त्यांच्या शर्टाला लागलेली कुसळं काढली. एकेक करून, सगळी. मग म्हणाल्या, "नाही दिसत तर नाही. दोन्हीकडं बसू."

आधी बाभळीजवळ बसले. काकूंनी मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा सरांनी टोपी आडवी धरली. दोघांनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. डब्यात खीर होती. काकूंनी पळसाच्या पानावर थोडी वाढली आणि पान जमिनीवर ठेवलं. मग दोघं उठले, डबा, मेणबत्ती, काडेपेटी सगळं उचललं आणि अर्जुनाच्या झाडाकडे चालत गेले. तिथे पुन्हा तेच. पुन्हा मेणबत्ती, पुन्हा त्रिसरण, पुन्हा पानावर खीर. पहिल्या पानावर होती तेवढीच झाली ना ते काकूंनी वाकून एकदा पाहिलं.

सर सावलीत पाय लांब करून बसले होते. काकूंनी त्यांच्या हातात उरलेल्या खिरीची वाटी दिली, आणि मग मला हाक मारली.

"ये बाई. उन्हात कायले उभी? जागा आहे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आम्हाला स्टेशनवरून घेऊन आलेल्या गाडीवाल्याने वस्तीच्या बाजूने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. आमच्यातलं कोणी उठलं नाही.